माणसाला चिकटलेले विशेषण

भिलाई हे शहर पोलादाच्या कारखान्याभोवती वाढले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आसपासच्या खेड्यांतील छत्तीसगढी माणसांबरोबरच विदर्भ, आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, ओडिशा अशा दूरदूरच्या भागांतून माणसे कामासाठी येथे आली. एकाच वसाहतीत अनेक भाषा नांदू लागल्या. अशा गावात परकी भाषा कानांवर पडते तेव्हा तिच्यातील मायेचे शब्द उशिरा कळतात, निंदेचे मात्र फार लवकर कळतात. शेजारी कोणाला काय म्हणाला, याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. बोलणाऱ्याचा चेहरा तो सांगून टाकतो.

निंदेचा एक इंग्रजी शब्द तर शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतो. तो म्हणजे 'व्हिलन'. चित्रपटाने तो शब्द घरोघरी पोहोचवला. नायकाच्या वाटेत काटे पसरणारा, सावकार म्हणून जमीन लुबाडणारा, पाटील म्हणून गावाला छळणारा तो व्हिलन. या नामापासून इंग्रजीत 'व्हिलनस' हे विशेषण तयार झाले आहे. कोश त्याचा अर्थ दुष्ट, नीच, अधम, कपटी असा देतात. परीक्षेपुरते एवढे पाठ केले तरी चालते. परंतु हा शब्द कोठून आला आणि कोणाला चिकटला हे पाहू लागले की एका शब्दाच्या आडून समाजाचा मोठा इतिहास दिसू लागतो.

लॅटिन भाषेत 'व्हिला' म्हणजे शेतवाडी, मळ्यातील घर. त्या मळ्यावर राबणारा तो 'व्हिलानस'. फ्रेंच भाषेत त्याचा 'व्हिलँ' झाला आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर हा शब्द त्यांच्याबरोबर त्या देशात गेला. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातील जमीनजुमल्याची मोजदाद करवून घेतली. 'डूम्सडे बुक' या नावाने ती नोंद प्रसिद्ध आहे. तीत नोंदलेल्या ग्रामीण लोकांत सर्वांत मोठा वर्ग याच लोकांचा होता. पुढे त्यांची बंधने अधिक घट्ट झाली. जमीनदाराच्या परवानगीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे. आठवड्यातील काही दिवस त्याच्या शेतावर फुकट राबावे लागे. मुलीचे लग्न करायचे तरी त्याला पैसे भरावे लागत. मराठी वाचकाने वेठबिगार आठवावा म्हणजे चित्र पुरेसे स्पष्ट होईल. १३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला, तेव्हा या वेठीतून मुक्तता ही त्याची एक प्रमुख मागणी होती.

या माणसांचे नाव दुष्टपणाचे नाव कसे झाले? त्यांनी काही विशेष दुष्कृत्ये केली होती असे नाही. गढीत आणि वाड्यात राहणारी मंडळी त्या भाषेला वळण देत होती. त्यांच्या दृष्टीने शेतमजूर म्हणजे अडाणी, अडाणी म्हणजे असंस्कृत, असंस्कृत म्हणजे ज्याला मानअपमानाची चाड नाही असा, आणि अशा माणसाच्या हातून काय वाटेल ते पाप होऊ शकते. चार पायऱ्यांत शेतमजुराचा पापी झाला. लेखनातही कालांतराने दोन रूपे वेगळी पडली. कायद्यातील वेठकऱ्यासाठी एक वर्णरचना राहिली आणि दुष्टासाठी दुसरी रूढ झाली. आज इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेकांना या दोन शब्दांचे मूळ एकच आहे याची आठवणही नसते.

इंग्रजीतील हे एकच उदाहरण नव्हे. 'नेव्ह' म्हणजे लुच्चा. मुळात त्याचा अर्थ पोरगा, पोऱ्या, नोकर एवढाच होता. 'मीन' म्हणजे क्षुद्र मनाचा. मुळात सर्वसामान्य, सर्वांना समाईक असा. 'इग्नोबल' म्हणजे हीन. मुळात जो उच्च कुळातला नाही तो. गरिबी, चाकरी आणि कुळ यांची नावे हळूहळू स्वभावाची नावे होत गेली.

मराठी माणसाने हे वाचून इंग्रजांना हसू नये. आपल्याकडे 'नीच' म्हणजे मूळ अर्थाने खालचा, सखल. पाण्याची धार नीच दिशेने वाहते असे म्हटले तर त्यात कोणाचा अपमान नाही. माणसाला तोच शब्द लावला की त्यात जन्माची पायरी आणि स्वभावाचा दोष एकत्र कालवले जातात. वजनाला हलका तो हलका, आणि त्याच्याच पोटातून 'हलकट' निघाला. फारसीतून आलेल्या 'पाजी' शब्दातही खालच्या दर्जाचा हाच भाव आहे. 'गावंढळ' तर 'व्हिलन'चा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. दोषच सांगायचा तर गावात राहणे हा दोष! 'चांडाळ' हे एका मानवसमूहाचे नाव होते. त्या माणसांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले आणि वर त्यांच्याच नावाची शिवी केली. ज्यांनी बाहेर ठेवले त्यांच्यासाठी मात्र भाषेने तेवढा झणझणीत शब्द तयार केला नाही. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना आळा घालणारा १९८९ चा कायदा जातीच्या नावाने जाहीरपणे केलेल्या अपमानाला गुन्हा मानतो. भाषेतील विशेषणाची दखल कायद्याला घ्यावी लागली, यावरून त्या विशेषणाने केलेल्या जखमेची खोली समजते.

'बदमाश' हा शब्द या मालिकेत थोडा निराळा आहे. फारसीतील 'बद' म्हणजे वाईट आणि अरबीतील 'मआश' म्हणजे उपजीविका. ज्याचे पोट वाईट मार्गाने भरते तो बदमाश. यात निदान जन्माचा उल्लेख नाही. माणूस काय करून जगतो याचा आहे. शब्द म्हणून हा अधिक न्यायी म्हणता येईल. परंतु तो प्रत्यक्षात कसा वापरला जातो हे पाहावे. छत्तीसगढात पोलिसांच्या नोंदींत 'निगरानी बदमाश' असा शब्दप्रयोग चालतो. ज्याच्यावर नजर ठेवायची असा इसम, असा त्याचा अर्थ. एकदा नाव त्या वहीत गेले की माणसाने उपजीविका बदलली तरी विशेषण मागे राहण्याची भीती असतेच.

आता 'व्हिलनस' आज कसा वापरतात ते पाहू. रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. फसव्या दुकानदाराला इंग्रजी बोलणारा माणूस 'डिसऑनेस्ट' म्हणेल, कंजूष किंवा खडूस शेजाऱ्याला 'मीन' म्हणेल. 'व्हिलनस' हा पुस्तकी, भारदस्त शब्द आहे. त्यात साधा खोटेपणा नसून ठरवून केलेला दुष्टावा असतो. कृत्याला, कटाला, कधी चेहऱ्याला किंवा हास्यालाही तो लावतात. चेहऱ्याला लावण्यात मात्र फसगत ठरलेली आहे. निळू फुले यांनी मराठी पडद्यावर बेरकी सरपंच आणि लंपट पाटील असे काही रंगवले की प्रेक्षक त्यांना त्याच रूपात ओळखू लागले. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळींसाठी झिजणारा होता. २००९ साली ते गेले तेव्हा सभ्य आणि साधा माणूस म्हणून त्यांची आठवण अनेकांनी काढली. अभिनयाला मिळालेली एवढी मोठी पावती क्वचितच कोणाच्या वाट्याला येते, पण ती पावती विशेषणाच्या विश्वासार्हतेला मात्र तडा देते.

शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो' नाटकात याची दुसरी बाजू आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली 'झुंझारराव' या नावाने हे नाटक मराठीत आणले. त्यातील इयागो हा कारस्थानी माणूस. १६२३ सालच्या छापील प्रतीत पात्रांच्या यादीत त्याच्या नावापुढे सरळ 'व्हिलन' असे छापलेले आहे. वाचकाला हे पहिल्यापासून माहीत असते. नाटकातील माणसे मात्र त्याला पुन्हा पुन्हा 'प्रामाणिक' म्हणत राहतात, आणि त्या एका विशेषणावर विसंबून ऑथेल्लो आपल्या निरपराध पत्नीचा जीव घेतो. चांगले विशेषणसुद्धा पुराव्याशिवाय चिकटवले तर माणूस मरतो, हे त्या नाटकात भयंकर स्पष्टपणे दिसते. जीवनात तर पात्रांची छापील यादी कोणाच्याच हाती नसते.

नाटकातील चूक पडदा पडला की संपते. कायद्याने तीच चूक केली तर काय होते, याचे उदाहरण भिलाईच्याच परिसराच्या इतिहासात सापडते. स्वातंत्र्यापूर्वी दुर्ग जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. नागपूर ही त्याची राजधानी होती आणि मराठी व हिंदी या दोन्ही भाषा बोलणारे लोक एकाच राज्यकारभाराखाली होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, दुर्ग मध्य प्रदेशात राहिला, आणि २००० साली छत्तीसगढ राज्य वेगळे झाले. या जुन्या प्रांताने १९४६ साली 'गुंडा' माणसांविरुद्ध एक कायदा केला. सरकारने जाहीर केलेल्या क्षेत्रात जिल्हा दंडाधिकाऱ्याला गुंडाविरुद्ध नोटीस काढता येई आणि त्याला ते क्षेत्र सोडून जाण्याचा हुकूमही देता येई. आता गुंडा कोणाला म्हणावे? कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात 'हुलिगन' आणि 'व्हॅगबॉन्ड' यांसारखे शब्द वापरले होते आणि सार्वजनिक शांततेला धोकादायक असलेल्या व्यक्तीचाही त्यात समावेश केला होता.

यातील 'व्हॅगबॉन्ड' या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. त्याचा अर्थ भटका, ठिकाणा नसलेला माणूस. व्हिलनला गाव सोडण्याची मुभा नव्हती म्हणून तो हीन, आणि व्हॅगबॉन्डला गावच नाही म्हणून तो संशयित! गरिबाने बसावे कोठे आणि उठून जावे कोठे? ज्या भिलाईची वस्तीच गाव सोडून आलेल्या माणसांनी भरली, तेथे तर हा प्रश्न अधिकच बोचरा आहे.

या कायद्याखाली निघालेला एक हुकूम पुढे न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, त्यावर मध्य प्रदेश शासनाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले, आणि १९६० साली त्याचा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. त्यातील विचार सोप्या शब्दांत असा मांडता येईल. ज्याला हद्दीबाहेर काढायचे तो मुळात गुंडा आहे की नाही, हे आधी तपासण्याचे बंधन या कायद्याने दंडाधिकाऱ्यावर घातलेले नाही. 'मी गुंडा नाही' हे दाखवण्याची पुरेशी संधी त्या माणसाला दिलेली नाही. व्याख्याही अशी सैल आहे की तिच्या आधारे कोण गुंडा आणि कोण नाही हे ठरवण्याची नेमकी कसोटी हाती लागत नाही. नागरिकाला देशात कोठेही जाण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले आहे. इतक्या ढिल्या शब्दाच्या आधारे ते हिरावून घेता येणार नाही. म्हणून कायद्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरली. एका नामाचा अर्थ नीट सांगता आला नाही म्हणून कायदा कोसळला, हे भाषेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या शब्दाची आणखी एक गंमत आहे. मराठीत 'गुंडा' म्हणजे गोल, वाटोळा दगड. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू अशी नावे ठेवण्याची चाल होती. गुंडू, गुंडोपंत ही नावेही मराठी घरांत प्रतिष्ठेने नांदली. त्याही मागे गेले तर अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरला तेराव्या शतकात गुंडम राऊळ होऊन गेले. चक्रधरस्वामींचे ते गुरू आणि महानुभाव पंथाचे पूज्य पुरुष. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळांचे चरित्र लिहिले, तो मराठीतील अगदी आरंभीच्या गद्य ग्रंथांपैकी एक. आणि भिलाईच्या दक्षिणेला, बस्तरमध्ये, १९१० साली आदिवासींचा 'भूमकाल' नावाचा उठाव झाला. त्याचा नेता होता नेतानार गावचा गुंडाधूर. आंब्याची डहाळी आणि लाल मिरच्या गावोगाव फिरवून उठावाचा सांगावा धाडला गेला होता. गुंडा हा शब्द या गुंडाधूरवरून पडला असे सांगणारे लोक आहेत. ते खरे मानण्याचे कारण नाही, कारण हे रूप मराठीत त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. पण अशी कथा रचली जाते यातही अर्थ आहे. सत्तेच्या वहीतील बंडखोर आणि गावाच्या आठवणीतील वीर हा एकच माणूस असू शकतो, हे लोकांना अनुभवाने ठाऊक असते.

विशेषण एका व्यक्तीला लागले तर ती व्यक्ती न्यायालयात जाऊ शकते. ते अख्ख्या जमातीला लागले तर? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अनेक भटक्या जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली गेली. त्यांची नोंदणी झाली, ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी सुरू झाली, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. देश स्वतंत्र झाला तरी हे विशेषण लगेच गळून पडले नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. नंतर राज्याराज्यांत 'हॅबिच्युअल ऑफेंडर' म्हणजे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. पूर्वी जन्मावर ठपका होता, आता सवयीवर आला. पण पोलीस संशय घेऊन पुष्कळदा त्याच वस्तीवर गेले.

लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांनी आपले आत्मकथन लिहिले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'उचल्या'. समाजाने त्यांच्या जमातीला दिलेली शिवीच त्यांनी मुखपृष्ठावर छापली. १९८७ साली पुस्तक आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनाने त्याआधी १९८० साली असेच केले होते. ज्या शब्दाने हिणवले तोच शब्द हातात घेऊन हिणवणाऱ्याला आरसा दाखवायचा, ही रीत मराठी साहित्यात फार प्रभावी ठरली. तरी पुस्तकाचा सन्मान झाला म्हणजे वस्तीवरची धाड थांबली, असे कोणी समजू नये. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या गुन्हेनोंदवह्यांविषयी बोलताना, केवळ जातीमुळे विमुक्त जमातींतील माणसांची नावे त्यांत घातली जातात या आरोपाची गंभीर दखल घेतली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला त्या न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त व भटक्या जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणारे नियमही त्यात होते. १९५२ पासून बहात्तर वर्षे उलटली होती.

भिलाईलाही अशा एका माणसाची आठवण आहे. शंकर गुहा नियोगी बंगालमधून आले, काही काळ भिलाईच्या कारखान्यात काम केले, पुढे दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांची संघटना त्यांनी बांधली. त्याच खाणींतील लोहखनिजावर भिलाईच्या भट्ट्या चालत. कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ साली तेथे शहीद रुग्णालय उभारले, दारूबंदीसाठी मोहीम चालवली. सरकारने नियोगींना अनेकदा तुरुंगात टाकले. सार्वजनिक शांततेला धोकादायक, या सैल मापात बसवायचे म्हटले तर संप करणारा असा प्रत्येक माणूस सहज बसतो. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील घरात झोपेत असताना गोळी घालून त्यांचा खून झाला. झोपलेल्या माणसावर गोळी झाडणे या कृत्याला 'व्हिलनस' म्हणण्यात कोणाला संकोच वाटू नये. या शब्दाचा हा नेमका आणि योग्य उपयोग आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला. २००५ साली गोळी झाडणाऱ्याची जन्मठेप निश्चित झाली, आणि कट केल्याच्या आरोपातून उद्योजकांची सुटका कायम राहिली. कामगारांच्या मनात याविषयी खंत आहे आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही लेखणी हाती घेणाऱ्याने येथे थांबले पाहिजे. सिद्ध झाले तेवढ्याला विशेषण लावावे, उरलेल्याविषयी प्रश्न विचारावेत. गरिबाला पुराव्याशिवाय गुंडा म्हणू नये असा आग्रह धरायचा आणि श्रीमंताच्या बाबतीत तो सोडून द्यायचा, हे न्यायाला धरून होणार नाही. हा नियम पाळणे जड जाते, विशेषतः ज्याचा माणूस गेला आहे त्याला.

मग काय कोणाला दुष्ट म्हणूच नये? तसे म्हणणे हा भित्रेपणा होईल. जगात दुष्टावा आहे आणि त्याला नाव देण्यासाठीच भाषा आहे. मजुरी बुडवणारा, औषधात भेसळ करणारा, विश्वासाने ठेवलेले दागिने पचवणारा यांच्या कृत्यांना गुळमुळीत शब्द वापरणे म्हणजे त्यांना साथ देणे होय. येथे ज्ञानेश्वरांची आठवण होते. १२९० साली पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी त्यांनी देवाकडे मागणे मागितले, त्यात दुर्जनांचा उल्लेख आहे. खलांचा नाश व्हावा असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्यातील वाकडेपणा तेवढा जावा आणि सत्कर्माची गोडी त्यांना लागावी, असे मागितले. 'खल' हा शब्द त्यांनी टाळला नाही, दुष्टाला दुष्टच म्हटले. पण विशेषण माणसाच्या कातडीला शिवून टाकले नाही; ते गळून पडू शकेल अशी जागा ठेवली. जाता जाता सांगायचे तर संस्कृतात 'खल' म्हणजे धान्याचे खळेही होते. शेतमळ्यातून निघालेल्या 'व्हिलन'शी हे कसे जुळते ते पाहून मौज वाटते, परंतु दोन भाषांतील एवढ्या साम्यावरून नाते जोडण्याचा मोह आवरावा.

हा सगळा विचार शेवटी अर्ज लिहिताना उपयोगी पडतो. कारखान्याच्या परिसरात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एखाद्या मजुराची दोन महिन्यांची मजुरी अडली आहे आणि तो कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार लिहायला बसला आहे, असे समजा. रागाच्या भरात त्याच्या हातून पहिले वाक्य उतरते, 'हा ठेकेदार नीच, हरामखोर आणि बदमाश आहे.' वाक्य खोटे असेलच असे नाही. पण ते वाचून अधिकाऱ्याला अर्जदाराचा राग कळतो, ठेकेदाराने काय केले ते कळत नाही. शिवाय उद्या तोच ठेकेदार बदनामीची तक्रार घेऊन उभा राहू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे. आता मजुराने ते वाक्य खोडले आणि लिहिले, 'मी मार्च आणि एप्रिल असे दोन महिने रोज आठ तास काम केले. हजेरीच्या वहीवर माझे अंगठे आहेत. दोन्ही महिन्यांची मजुरी मागितली असता मला कामावरून काढले आणि हजेरीची वही दाखवण्यास नकार दिला.' या अर्जात एकही निंदेचे विशेषण नाही. अधिकाऱ्याला आता प्रथम हजेरीची वही मागवावी लागेल.